चाळिशीनंतरची फ्रंट साइट: नेमबाजीचा चष्मा कसा करून घ्यावा?

शांत_मनगट:

नमस्कार मंडळी,

वय ५३. एअर पिस्तूल, १० मीटर, गेली १९ वर्षं. दीडेक वर्षापासून ग्रुप फुटायला लागला, म्हणजे गोळ्या एका जागी न बसता पसरायला लागल्या. आधी वाटलं मनगट गेलं, मग वाटलं ट्रिगर ओढला जातोय. ड्राय फायरिंग (गोळी न भरता सराव) वाढवलं, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून होल्ड (पिस्तूल स्थिर धरणं) घोटला, फरक शून्य. शेवटी एका संध्याकाळी ध्यानात आलं की फ्रंट साइटची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पात्याची, वरची कड मला धड दिसतच नाही. दिसते, पण लोकर लागल्यासारखी. डोळ्याकडच्या रिअर साइटच्या खाचेत दोन्ही बाजूंना उजेडाच्या ज्या दोन सरळ फटी दिसायला हव्यात, त्या राखाडी. पहिल्या दहा गोळ्या त्यातल्या त्यात बऱ्या जातात, चाळिसाव्या गोळीपर्यंत डोळा पार दमतो.

चाळिशी लागून सात-आठ वर्षं झाली. रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर एकाच काचेत. त्यातून नेम धरायचा तर हनुवटी वर करावी लागते, मानेला रग लागते, आणि काचेतली नेमकी जागा दर गोळीला नव्याने शोधावी लागते. म्हणून नेमबाजीसाठी वेगळा चष्मा करायला गेलो. दुकानात म्हटलं, "हाताच्या अंतरावरचं स्पष्ट दिसायला हवं." त्यांनी माझी वाचायची पूर्ण ॲड (जवळचं दिसावं म्हणून वाढवायचा नंबर), +२.००, दूरच्या नंबरवर चढवून दिली. तो चष्मा घालून रेंजवर उभा राहिलो, तर समोर टार्गेटचा काळा गोल नव्हताच. कागदावर शाई सांडावी तसा डाग. बरं, फ्रंट साइट तरी लख्ख व्हावी, तर तीही नाही.

उजव्या डोळ्याने नेम धरतो. त्याचा दूरचा नंबर −०.७५, सिलिंडर (एकाच दिशेतला दोष काढणारा नंबर) −०.५०. जाणकारांनी सांगावं: नंबर नेमका कोणता घ्यायचा? आयरिसचा (काचेपुढच्या, लहान-मोठ्या करता येणाऱ्या छिद्राचा) उपयोग होतो का? आणि ती गोल काचेची खास फ्रेम खरंच लागते का?

जुनी_रायफल:

वय ६३, रायफल. तुमचं पहिलं वाक्य वाचूनच पोटात कालवलं, कारण मी यात तीन वर्षं घालवली आहेत. श्वास बदलला, पट्टा बदलला, बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) बदलली. डोळ्याकडे बघायचं सुचलं नाही, कारण रस्त्यावरच्या पाट्या मला स्वच्छ वाचता येत होत्या. पाट्या दूर असतात, फ्रंट साइट एक मीटरवर असते, एवढी साधी गोष्ट.

एक पक्कं करून ठेवा. लक्ष्य थोडं पुसट दिसणं हा दोष नाही, तसंच दिसायला हवं. तुमची काच फ्रंट साइटसाठी. लक्ष्य स्पष्ट दिसावं म्हणून जो नंबर वाढवतो-कमी करतो, तो माणूस हटकून चुकतो. फक्त ते पुसटपण कितीवर थांबवायचं, यात सगळी कला आहे. भिंगकाम ताई इथे असतात, त्या हिशोब मांडतील.

पांढरी_कड:

मी शिकवते, म्हणून फ्रंट साइटच का, ते आधी आकड्यांत सांगते. नवख्यांना हे पटायला वेळ लागतो.

एअर पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा. फ्रंट साइट खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर गोळी साधारण १५-१६ मिलिमीटर सरकते. आपल्या टार्गेटवर एका रिंगपासून पुढची रिंग ८ मिलिमीटरवर. म्हणजे दोन रिंग गेल्या. उलट साइट नीट जुळलेल्या आहेत आणि सगळं पिस्तूलच ५ मिलिमीटर इकडे-तिकडे डोलतंय, तर गोळीही तेवढीच, ५ मिलिमीटर सरकते. दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची आहे, त्यात हे डोलणं बऱ्याच अंशी खपून जातं. साइटमधली चूक खपत नाही.

आता शांत_मनगट यांच्या "राखाडी फटी" आठवा. कड कुठे संपते तेच कळत नसेल, तर अर्धा मिलिमीटर सरकलेलं त्यांना कळणार कसं? त्यांचं मनगट पूर्वीइतकंच शांत असेल, अशी माझी खात्री आहे.

भिंगकाम:

मी ऑप्टोमेट्रिस्ट, डोळ्यांचे नंबर तपासते. स्वतः नेमबाज नाही, पण नेमबाज तपासणीला येतात, त्यांच्यामुळे हा विषय मुळातून शिकावा लागला.

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असतं, जवळचं पाहताना ते फुगतं. वय वाढेल तसं ते कडक होत जातं. चाळिशीत वाचताना जाणवतं, साठीपर्यंत लवचिकता जवळजवळ संपते. पन्नाशीच्या सुरुवातीला थोडी शिल्लक असते. शांत_मनगट, तुमच्या पहिल्या दहा गोळ्या त्या शिलकीवर जातात. पुढे ती ताणून धरवत नाही.

हिशोब असा. १ भागिले मीटरमधलं अंतर, की आले डायॉप्टर. वाचन ४० सेंटिमीटरवर, म्हणजे २.५. फ्रंट साइट १ मीटरवर, म्हणजे १. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे ०.१. तुमच्या दुकानदाराने दिलेली +२.०० ची काच (भिंगावर काही ताण नाही असं धरून) बरोबर ५० सेंटिमीटरवर फोकस करते. तिथे तुमच्या पिस्तुलाचं काहीच नाही, जेमतेम कोपर असेल.

पुसटपणा किती येतो, तेही काढता येतं: बाहुलीचा व्यास गुणिले डायॉप्टरमधली चूक. बाहुली ४ मिलिमीटर धरू. +२.०० ने टार्गेटसाठी चूक १.९ डायॉप्टर, म्हणजे १० मीटरवर सुमारे ७६ मिलिमीटर रुंदीचा पुसटपणा. तुमचा काळा गोल मुळात ५९.५ मिलिमीटरचा. पुसटपणा गोलापेक्षा मोठा! शाईचा डाग दिसला यात नवल नाही. फ्रंट साइटसाठी चूक १ डायॉप्टर, म्हणजे १ मीटरवर ४ मिलिमीटर पुसटपणा. फ्रंट साइट स्वतः साडेचार मिलिमीटरच्या आसपास. म्हणून तीही सुधारली नाही.

तर मग +१.०० घ्यावी का? त्याने फ्रंट साइट धारदार होईल, पण टार्गेट बरंच विरघळेल. मधला मार्ग असा: १ आणि ०.१ यांच्या मधोमध, म्हणजे साडेपाच दशांश डायॉप्टरच्या आसपास. छायाचित्रकार ज्याला हायपरफोकल अंतर म्हणतात, तीच युक्ती. फोकस फ्रंट साइटच्या थोडा पलीकडे ठेवायचा, म्हणजे फ्रंट साइट स्पष्टतेच्या अलीकडच्या टोकाला बसते आणि टार्गेट पलीकडच्या.

व्यवहारात रायफलला दूरच्या नंबरवर +०.५० आणि पिस्तुलाला +०.७५ इथून सुरुवात करतात. पिस्तुलाला जरा जास्त, कारण तिथे रायफलसारखं मागे बारीक छिद्र नसतं आणि फ्रंट साइटची कड फार महत्त्वाची. पण हे सगळं अचूक दूरच्या नंबरवर चढवायचं. दूरचा नंबर पाव डायॉप्टरने चुकला, तर ॲडचा एक तृतीयांश ते निम्मा भाग तिथेच गेला. रोजच्या वापरात पाव डायॉप्टर कुणाला जाणवत नाही, इथे जाणवतो. सिलिंडरही "छोटा आहे, सोडून देऊ" म्हणून सोडू नका. सिलिंडर राहिला की उभ्या कडा धारदार आणि आडवी पुसट, किंवा उलट. तुम्हाला त्रास वरच्या कडेचाच आहे, ते वाचून मला आधी तुमचा −०.५० आठवला.

उडती_तबकडी:

वाचतोय, फार छान चाललंय. फक्त एक इशारा. शॉटगनवाल्यांनी यातलं काही उचलू नये. आमची नजर तबकडीवर, बंदुकीच्या टोकाकडे आम्ही बघत नाही. आम्हाला निव्वळ दूरचा नंबर, मोठी काच, बाजूंनी झाकलेली, आणि काच पॉलिकार्बोनेटचीच, कारण तबकडीचे तुकडे उडतात. +०.७५ घालून ट्रॅपला उभं राहाल तर तबकडी उशिरा दिसेल.

शांत_मनगट:

भिंगकाम ताई, ७६ मिलिमीटरचा हिशोब वाचून उठून उभा राहिलो. इतके दिवस तो चष्मा घालून "सवय होईल" म्हणत होतो.

अंतर मोजायचं कसं? तपासणीच्या खोलीत पिस्तूल घेऊन जाणं मला बरं वाटत नाही.

पांढरी_कड:

नेऊच नका. समोरच्या माणसाला धडकी भरते आणि तुमची तपासणी घाईत उरकली जाते. मी शिकाऱ्यांना (माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी असंच म्हणते) काठीची युक्ती सांगते. रेंजवर सुरक्षितपणे, रिकाम्या पिस्तुलाने, तुमच्या नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा. दुसऱ्याने दोरीने डोळ्याच्या कोपऱ्यापासून फ्रंट साइटपर्यंत अंतर घ्यावं. दोरी एकदाच नको, तीन-चारदा घ्या, कारण पहिल्या वेळी माणूस मुद्दाम ताठ उभा राहतो. मग एक काठी घ्या, मूठ ते टोक हे अंतर पिस्तुलाइतकंच येईल अशी कापा. टोकाला काळ्या कार्डाचा तुकडा चिकटवा, रुंदी तुमच्या फ्रंट साइटएवढी. वरची कड ब्लेडने कापा, कात्रीने नको. कात्रीची कड जरा दबते, आणि मग पुसट काय, काच का कार्ड, ते कळत नाही.

ती काठी घेऊन जा. ट्रायल फ्रेम (तपासणीच्या काचा बदलता येणारी फ्रेम) लावून, उभं राहून, काठी धरून बघा. पलीकडच्या भिंतीवर काळं वर्तुळ चिकटवलं की झालं.

भिंगकाम:

ही काठी माझ्याकडे आणलेली माणसं तपासायला आनंद होतो. अजून दोन गोष्टी सांगून ठेवते.

तपासणाऱ्याला "हाताच्या अंतरावरचं" असं सांगू नका, सेंटिमीटर सांगा. आणि पाव-पाव डायॉप्टरने वर जायला सांगा: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. प्रत्येक काचेला दहा सेकंद बघा, मग डोळे मिटून थांबा. ज्या काचेत वरची कड पहिल्यांदा "बसते", तिथे थांबा. तिच्यापुढची काच कडेला अजून धार देईल, मोह होईल, पण तिथे वर्तुळ सुटायला लागतं.

आणि सकाळी ताजं असताना एकदाच तपासून निर्णय घेऊ नका. शक्य असेल तर दिवसभराच्या कामानंतर जा. स्पर्धेत ६० गोळ्या ७५ मिनिटांत सोडायच्या असतात, शेवटच्या १५ मिनिटांत जो डोळा उरतो त्याच्यासाठी काच करायची.

जुनी_रायफल:

फ्रेमचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. रायफलवाल्याला खास फ्रेम लागतेच, पिस्तूलवाल्याला निदान फार उपयोगी पडते.

रायफल गालाला लावली की डोकं पुढे झुकतं आणि वळतं. आपण काचेच्या मधून बघत नाही, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो. साध्या चष्म्यात तिथे काच नजरेला तिरकी पडते. मला वाटायचं, तिरकी पडली तर काय बिघडलं? माझा नंबर −३ आहे. ताईंनी मागे एकदा हिशोब करून दिला होता: −३ ची काच २० अंश तिरकी झाली की साधारण ०.४० चा सिलिंडर आपोआप तयार होतो. म्हणजे डोळ्यात नसलेला सिलिंडर चष्मा तयार करतो.

नेमबाजीच्या फ्रेममध्ये एकच गोल काच असते, ३७ किंवा ४२ मिलिमीटर व्यासाची, आणि ती वर-खाली, आत-बाहेर, तिरकी हवी तशी फिरवता येते. पवित्र्यात बसून, म्हणजे खरोखर नेम धरून, दुसऱ्याकडून काच अशी लावून घ्यायची की नजर तिच्या मध्यातून आणि तिला काटकोनात जाईल. मी काचेच्या मध्यावर स्केच पेनचा बारीक ठिपका देतो, नेम धरतो, ठिपका रिअर साइटच्या छिद्राच्या मधोमध येईपर्यंत फ्रेम सरकवतो, मग ठिपका पुसतो. झोपून, उभं राहून आणि गुडघ्यावर बसून नेम धरणाऱ्यांनी तिन्ही पवित्र्यांच्या खुणा दांडीवर करून ठेवाव्यात.

भिंगकाम:

काका, अगदी बरोबर. फक्त सिलिंडरवाल्यांसाठी एक भर. लोक विचारतात, डोकं तिरकं झालं की सिलिंडरचा ॲक्सिस (कोन) चुकतो का? चष्मा डोक्यासोबतच कलतो, त्यामुळे तो फरक किरकोळ. खरी भीती वेगळी आहे. गोल काच कड्यात फिरते. पुसताना, पेटीत ठेवताना, स्क्रू सैल झाला की फिरते आणि गोल असल्यामुळे दिसत नाही. ॲक्सिस १० अंशांनी फिरला की सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश परिणाम दुरुस्त न होता राहतो. १.५० सिलिंडर असेल तर अर्धा डायॉप्टर गेला. काचेच्या कडेवर बारा वाजताच्या जागी एक खूण करून घ्या आणि कड्यावर तिच्यासमोर दुसरी.

मोकळा_श्वास:

माझा अनुभव उलट दिशेचा, म्हणून लिहितो. मी चष्म्याआधी आयरिस घेतली, आणि दोन महिने वाटलं प्रश्न सुटला. बारीक छिद्रातून सगळंच स्पष्ट दिसतं. मग मी छिद्र आणखी बारीक करत गेलो. रेंजवरचा उजेड मंद, माझं वय ५८, चित्र काळोखं झालं, आणि कडा पुन्हा मऊ पडल्या. आता कळतं की आधी नंबर नीट करायचा, आयरिस नंतर.

भिंगकाम:

यामागचं कारण आधीच्याच हिशोबात आहे. अर्ध्या डायॉप्टरची चूक आणि ४ मिलिमीटरची बाहुली: १० मीटरवर २० मिलिमीटर पुसटपणा. तीच चूक, पण मध्ये दीड मिलिमीटरचं छिद्र: साडेसात मिलिमीटर. म्हणून आयरिस लावल्या-लावल्या चमत्कार वाटतो. छिद्र १ मिलिमीटरच्याही खाली नेलं की प्रकाश त्याच्या कडेवर पसरायला लागतो, म्हणजे विवर्तन, आणि कड पुन्हा मऊ होते. शिवाय वय वाढलं की बाहुली आपोआप लहान होत जाते आणि भिंग पिवळं पडतं, दृष्टिपटलावर प्रकाश मुळातच कमी पोचतो. तरुण मुलाला जे छिद्र चालतं ते साठीच्या माणसाला काळोख देतं. आयरिस शक्य तितकी उघडी ठेवा, कड बसेल इतपतच बंद करा.

विकत घेण्याआधी बघायचं असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपला दीड ते दोन मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि जुन्या चष्म्याच्या काचेवर, नजर जाते तिथे चिकटवा. दोन दिवसांत कळतं.

पांढरी_कड:

आणि दुसरा डोळा मिटू नका! वयस्कर मंडळींमध्ये ही खोड फार. एक डोळा आवळून मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणतात, नेमाचा डोळाही किलकिला होतो, आणि एका डोळ्याला अंधार झाला की दुसऱ्याचीही बाहुली थोडी मोठी होते. म्हणजे पुसटपणा वाढला. दुसऱ्या डोळ्यापुढे पांढरट, उजेड आत येऊ देणारा पडदा लावा, काळा नको. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत समोरचा ब्लाइंडर, म्हणजे हाच पडदा, ३० मिलिमीटर रुंदीपर्यंत चालतो.

नियमांचंच निघालं म्हणून: नंबरची काच किंवा फिल्टर तुम्ही अंगावर, म्हणजे चष्म्यात वापरू शकता. पिस्तुलावर मात्र ना काच चालते ना फिल्टर, आणि रायफलच्या साइटमध्ये नंबरची काच चालत नाही. काही देशांतल्या स्थानिक स्पर्धांमध्ये नियम सैल असतात. स्पर्धेआधी चालू नियमपुस्तिका उघडून बघा, उपकरण तपासणीच्या टेबलापाशी कळणं फार जड जातं.

नवी_रेंज:

इथे पहिल्यांदाच लिहितेय. वय ५९, पिस्तूल. हे सगळं वाचून काल मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. माझी फ्रंट साइट पुसट नाहीये, पण वरची कड मध्ये किंचित वाकलेली दिसते, जणू कुणी बोटाने दाबली आहे. डाव्या डोळ्याने बघितली तर सरळ. हा सिलिंडरचा प्रकार का?

भिंगकाम:

नाही. सिलिंडरने कड पुसट होते, दुहेरी भासते, तिला शेपूट फुटतं. एका डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसणं हे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाच्या, मॅक्युलाच्या त्रासाचं लक्षण असू शकतं. चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, याच आठवड्यात, जमलं तर उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि "एका डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसते" हेच शब्द वापरा. तोवर घरी चौकटीचा कागद घ्या, मध्ये ठिपका काढा, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि कुठल्या रेघा वाकतात ते पेन्सिलीने काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवता येईल. यातल्या काही प्रकारांवर वेळेत उपचार झाले तर नजर टिकते. कृपया थांबू नका.

(सगळ्यांसाठी: अचानक प्रकाशाचे लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेने पडदा आल्यासारखं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.)

नवी_रेंज:

उद्या सकाळची वेळ घेतली. कळवते.

दुसरी_नजर:

ताईंचं बोलणं मनावर घ्या. माझं निदान वेगळं होतं, पण मलाही डोळ्याने आधी फसवलं. एकसष्टाव्या वर्षी अचानक फ्रंट साइट बिनचष्म्याची स्वच्छ दिसायला लागली. मी आनंदात, प्राणायामाचा गुण म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो. चार महिन्यांत टार्गेटभोवती तेजोवलय. तपासलं तर मोतीबिंदू. भिंगाचा गाभा घट्ट होताना नंबर मायनसकडे सरकतो, म्हणून जवळचं काही काळ बरं दिसतं.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना मी नेमबाज आहे हे सांगितलं आणि चांगलं अर्धा तास बोललो. मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या) भिंगाने चष्मा सुटला असता, पण त्यात काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा कमी होतो आणि दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. आपला खेळच काळ्या-पांढऱ्याचा. मी दूरच्या नंबरचं साधं मोनोफोकल (एकाच अंतराचं) घेतलं. डोळा स्थिर व्हायला दीडेक महिना दिला, मग नेमबाजीची काच केली. आता डोळ्यात लवचिकता अजिबात नाही, त्यामुळे एक सुख आहे: सकाळ असो, संध्याकाळ असो, पहिली गोळी असो, साठावी असो, फोकस तिथेच. +०.७५, आणि चार वर्षांत काच बदललेली नाही.

उडती_तबकडी:

रंगीत काचांबद्दल कुणी बोलेल का? तुमच्याकडे पिवळी चालते का?

जुनी_रायफल:

ढगाळ दिवशी पिवळी बरी वाटते, कडक उन्हात हलकी करडी. बंद रेंजवर मी काहीच लावत नाही. गडद काच लावली की बाहुली मोठी होते आणि जे कमावलं ते जातं.

शांत_मनगट:

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, पण करायचं ते सगळं करून लिहितोय.

दोरीने चार वेळा मोजलं: ९४, ९२, ९२, ९१. पांढरी_कड ताई म्हणाल्या तसं पहिल्यांदा मी ताठच उभा होतो. काठी कापली, काळं कार्ड ब्लेडने कापून लावलं. संध्याकाळी सहानंतरची वेळ घेतली. तपासणाऱ्यांनी आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग इतक्या आस्थेने पाऊण तास दिला की मला बोलायला शब्द सुचेनात. दूरचा नंबर नव्याने काढला: −०.५०, सिलिंडर −०.७५. म्हणजे जुना नंबर दोन्ही बाजूंनी पाव-पावने चुकलेला.

त्यावर ट्रायल काचा. +०.५० ला कड जवळजवळ बसली, पण एक-दोन वेळा डोळे मिचकावल्यावर. +०.७५ ला मिचकावण्याआधीच बसली. +१.०० ला कार्डाची कड ब्लेडसारखीच दिसली, मात्र भिंतीवरचं वर्तुळ सुटलं आणि माझी नजर आपोआप त्याच्याकडे धावायला लागली. तेव्हा भिंगकाम ताईंचं "मोह होईल" आठवलं. +०.७५ वर थांबलो.

फ्रेम ३७ मिलिमीटरची घेतली, दुसऱ्या डोळ्यापुढे पांढरा पडदा. आयरिस अजून घेतलेली नाही. काल पहिल्यांदा पूर्ण ६० गोळ्या सोडल्या. दोन्ही फटी पांढऱ्या. सरळ, पांढऱ्या, सारख्या. अठ्ठेचाळिसाव्या गोळीला फ्रंट साइट किंचित डावीकडे सरकलेली मला दिसली, आणि मी हात खाली घेतला. गेल्या दीड वर्षात मी अशी एकही गोळी परत घेतली नव्हती, कारण काही दिसतच नव्हतं.

स्कोअर अजून सांगण्यासारखा नाही, ग्रुप उजवीकडे खाली बसतोय. साइट फिरवू का?

पांढरी_कड:

तुमची पोस्ट दोनदा वाचली, डोळे भरून आले.

साइटला आठवडाभर हात लावू नका. दीड वर्ष तुम्ही पुसट कडेला "मध्य" मानत होता, हाताला तीच सवय आहे. कोऱ्या पांढऱ्या कागदावर, काळ्या गोलाशिवाय, रोज तीसेक गोळ्या फक्त फटी सारख्या ठेवून सोडा. ग्रुप आवळला की मग बघा कुठे बसतो, आणि तेव्हाच साइटला क्लिक द्या. नेम धरून सहा-सात सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घ्या. डोळा टक लावून सुकला की चांगली काचही पुसट होते.

भिंगकाम:

वर्षातून एकदा दूरचा नंबर तपासा. साखरेचा त्रास असेल तर साखर आटोक्यात असतानाच तपासा, ती वर-खाली झाली की नंबरही हलतो. आणि काठी टाकू नका.

नवी_रेंज:

कळवायचं राहिलं. मॅक्युलाचाच त्रास निघाला, सुरुवातीचा. उपचार सुरू झाले आहेत, डॉक्टर म्हणाले की वेळेत आलात. चौकटीचा कागद फ्रिजच्या दारावर लावलाय, रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघते. तोवर डाव्या डोळ्याने नेम धरायला शिकतेय. पांढरी_कड ताई, पिस्तूल उजव्याच हातात ठेवून चालेल का?

पांढरी_कड:

चालेल. पिस्तुलात डोकं जरा उजवीकडे वळवायचं आणि डावा डोळा साइटच्या रेषेत आणायचा, बरेच जण असं करतात. पडदा आता उजव्या डोळ्यापुढे. अंतर पुन्हा दोरीने मोजा, कारण डोकं वळलं की ते बदलतं, आणि काच त्या डोळ्याच्या दूरच्या नंबरवर नव्याने काढा. आधी डॉक्टरांना विचारा, मग मला सांगा, आपण पवित्रा पहिल्यापासून लावू.